छबूबाईंशिवाय छबूबाईंची गाणी

मी एक अल्बम बोलतोय. ‘सुरांजली’ माझं नाव. कै. छबूबाईंच्या आठवणीसाठी मला काढलं. गाणी सगळी त्यांचीच, पण त्यांचा आवाज माझ्यात औषधालाही नाही. नुसती वाद्यं. मला पेन ड्राइव्हमध्ये भरून वर रंगीत डबी केली. डबीवर सॅक्सोफोन घेऊन ऐटीत उभे आहेत वैजनाथ मास्तर, मला तयार करणारे. छबूबाई कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोएवढ्या. श्रद्धांजली नेमकी कुणाला वाहिलीय, असा प्रश्न कुणालाही पडावा.

छबूबाई पाथर्डीकडच्या. तरुणपणी ऊसतोडीला जायच्या. फडात राबता राबता गाणी रचायच्या आणि संध्याकाळी खोपीपुढं बसून म्हणायच्या. पुढं त्यांची गाण्याची पार्टी झाली. बायका जीप करून लांबून ऐकायला यायच्या. त्याच पार्टीत वैजनाथ सॅक्सोफोन वाजवायचे. बाई भर कार्यक्रमात मागं वळून म्हणायच्या, “वैजू, जरा दमानं. मानसांना शब्द कळू दे की.”

मास्तरांना ते फार झोंबायचं. बाई गेल्या आणि ‘दमानं’ म्हणणारं कुणी उरलं नाही.

माझा जन्म नगरच्या एका स्टुडिओतला. रेकॉर्डिंग करणाऱ्या करणनं विचारलं होतं, “मास्तर, बाईंच्या जुन्या कॅसेटी आहेत ना तुमच्याकडं? मध्ये एखादी ओळ टाकू या का?”

“नगं. आवाज घोगरा हाय त्यात. क्वालिटी बिघडंल. आपल्याला क्लास माल करायचाय.”

क्लास माल म्हणजे काय, तर ताटातुटीच्या गाण्याखाली वरातीचा ठेका! पट्टीही गळ्याची नाही, सॅक्सोफोनच्या सोयीची, चांगली उंच. सगळं झाल्यावर मास्तर डोळे मिटून स्वतःचंच वाजवणं ऐकत बसले आणि म्हणाले, “आज बाई असत्या तर रडल्या असत्या.”

तेवढं मात्र खरं बोलले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पाथर्डीत माझं प्रकाशन झालं. भाषणं झाली. एक पाहुणे छबूबाईंबद्दल बोलायला उठले आणि स्वतःच्या शाळेतल्या बक्षिसांबद्दल बोलून बसले. दुसऱ्यांनी बाईंचं नाव दोनदा चुकवलं. माणसं मेलेल्याला हार घालतात तेव्हा निम्मी नजर कॅमेऱ्याकडं असते, हे मी जन्मल्या जन्मल्या शिकलो.

मग मला लावलं. ठेका सुरू झाला तशी पुढच्या रांगेतली पोरं खांदे उडवायला लागली. मागं बसलेल्या बायका मात्र एकमेकींच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांच्यातून एक उठली. सत्यशीला, छबूबाईंची लेक.

“मास्तर, आईचा आवाज कुठाय?”

“ताई, हे इन्स्ट्रुमेंटल हाय. यात आवाज नसतोच.”

“हे कंचं गानं वाजतंय, ठाव हाय का तुमाला?”

“असं काय इचारता? मीच बशीवलंय.”

“माझ्या आईनं मला घरी ठिवून कोयता उचलला, तवाचं गानं हाय हे. ह्याच्यावर नाचत्यात व्हय?”

मास्तर हसले. “मंग तुमी म्हना की वरून. जमतंय का बघू.”

सत्यशीलानं माईक घेतला. पण माझी पट्टी तिला झेपेना. पहिल्याच ओळीला आवाज फाटला. पोरं फिदीफिदी हसली. मास्तरांनी, बघा, कुणाचंही काम नाही हे, अशा थाटात मान हलवली. सत्यशीला माईकवाल्याला म्हणाली, “दादा, बंद कर ते.”

मी बंद झालो. आणि ती तिच्या पट्टीत, घोगऱ्या आवाजात म्हणू लागली:

“तान्हं ठिवलं सासूपाशी, कोयता घेतला हाती,
पाचटावर सांडलं दूध, पिऊन गेली माती.”

दुसऱ्या ओळीला मागच्या बायका तिच्याबरोबर म्हणू लागल्या. त्यातल्या कितीजणी लेकरं मागं ठेवून ऊसतोडीला गेलेल्या असतील! हसणाऱ्या पोरांतल्या एकानं आपल्या आईकडं वळून बघितलं.

मला माझ्याच गाण्याचे शब्द ठाऊक नव्हते. ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले, मला बंद केल्यावर.

मास्तर सुधारले असतील, असं वाटतंय? छे! सत्यशीला गात असतानाचा व्हिडिओ त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर टाकला. खाली लिहिलं, ‘माझ्या सुरांजलीला श्रोत्यांची उत्स्फूर्त दाद.’

सध्या मी घोडेगावजवळच्या एका मंगल कार्यालयात असतो. पंगत बसली की मला लावतात. छबूबाईंचं दूध मातीत सांडत असतं आणि माणसं जिलेबी मागून घेत असतात. कुणाचं गाणं आहे, म्हणून अजून एकानंही विचारलेलं नाही.

तुम्ही कधी त्या पंगतीला आलात आणि शेजारची एखादी म्हातारी घास हातात धरून थांबलेली, ओठ हलवताना दिसली, तर एवढंच करा. उठा आणि मला बंद करा.