झाडावरचं लाल पातेलं

"वन्सं, जरा मान वर करा. त्या पातेल्याकडे बघा. आणि हसा की! व्हिडिओत कुणी असं तोंड करतं का?"

लिविया नुकतीच शिडीवरून उतरून मोबाइल सरसावत होती. फाटकाजवळच्या वाळक्या झाडाच्या फांद्यांना तिने निळी, पिवळी, हिरवी भांडी अडकवली होती आणि अगदी शेंड्याला लाल पातेलं. खाली तिची नणंद परास्का, भरतकामाचा सदरा आणि पट्ट्यापट्ट्यांचा घागरा घालून, खांबासारखी ताठ उभी होती.

"किती वेळ उभी राहू? चुलीवर मक्याचा घाटा आहे. खाली लागेल."

"लागू दे हो! तेवढं हसा."

परास्का हसली. सांगितलं की करायचं, ही तिची जुनी खोड.

रोमानियाच्या उत्तरेला, आमच्या माराम्युरेशच्या खोऱ्यांत, शेंड्यावर लाल भांडं टांगायचं म्हणजे या घरात लग्नाची मुलगी आहे, विचारायला या. लग्न ठरलं की ते उतरवायचं. हे पातेलं परास्काच्या आईने परास्का विशीत असताना टांगलं होतं. मग आई अंथरुणाला खिळली. दोन जण विचारून गेले, पण आईला टाकून जायचं कसं म्हणून परास्कानेच नाही म्हटलं. शेवटी एका हिवाळ्यात, लग्न न ठरताच, आईनेच ते मुलाकडून, गाव्रिलाकडून, उतरवून घेतलं. गावात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. न बोलण्यातच सगळं आलं.

आता परास्काने चाळिशी ओलांडली होती. भावजयीला पातेलं माळ्यावर सापडलं तेव्हा, घासून लख्ख केलं तेव्हाही ती काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिला काही वाटतच नाही, असं घरात सगळे धरून चालले होते.

लिविया काही वाईट बाई नव्हती. नवराबायकोने इटलीत परक्या म्हाताऱ्यांची दुखणी काढून पैसे जमवले आणि घरावर पाहुण्यांसाठी तीन खोल्या चढवल्या. त्या नुसत्या धूळ खात पडल्या होत्या. मग कुणीतरी सांगितलं, हल्ली माणसं फोनवर आधी बघतात आणि मग येतात. म्हणून हा व्हिडिओ. त्याखाली तिने चार भाषांत लिहिलं, आमच्याही भाषेत लिहिलं: "लाल भांडं दिसलं? या घरात लग्नाची मुलगी आहे. या, राहा, तिच्या हातचं जेवा." पुढे डोळा मिचकावणारं पिवळं तोंड.

व्हिडिओ जगभर गेला आणि खोल्या पार शरद ऋतूपर्यंत भरल्या. चर्चमध्ये बायका परास्काकडे बघून रुमालाआड हसायच्या. मी तिची शेजारीण, मीही हसले. परास्काकडे फोन नव्हता. खाली काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही.

एका रविवारी मी त्यांच्याकडे अंडी पोचवायला गेले होते. पाहुणे अंगणात जेवायला बसले होते, परास्का सूप वाढत होती. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, थोराड हातांचा, डोक्यावर सणासुदीची इवलीशी गवती टोपी, काखेत घरच्या दारूची बाटली. त्याने आधी झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं आणि टोपी काढली.

परास्काने ते पाहिलं. सुपाचं भांडं तिथेच ठेवून ती आत गेली. बाहेर आली तेव्हा कमरेचा एप्रन नव्हता आणि डोक्याला ईस्टरचा फुलाफुलांचा रुमाल होता. मला तिच्याकडे बघवेना.

"मी तोआदेर, पलीकडच्या खोऱ्यातला," तो गाव्रिलाला म्हणाला. "माझ्या मधमाश्या आहेत. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. पुतणीने फोनमध्ये तुमचं फाटक दाखवलं. म्हटलं, चला, अजून कुणीतरी रीत पाळतंय. तुमच्या बहिणीसाठी विचारायला आलोय."

गाव्रिलाने बायकोकडे पाहिलं. लिविया कसनुसं हसली.

"अहो, ते... ते पाहुण्यांसाठी आहे हो. नुसतं शोभेला. त्यात खरं काही नाही."

"खरं नाही?"

"जाहिरात आहे," गाव्रिला जमिनीकडे बघत म्हणाला.

टेबलावरची एक परदेशी पोरगी मोठ्या कौतुकाने मोबाइल घेऊन उठली. एरवी लिविया अशांना "काढा, काढा" म्हणायची. आज ती धावत गेली आणि तिने मोबाइलसमोर हात धरला.

तोआदेरचे कान लालबुंद झाले होते. "माझंच चुकलं. भांडं टांगलंय म्हणजे घरच्यांनी शब्द दिलाय, असं समजलो मी." मग तो परास्काकडे वळला. "माफ करा, बाई."

तो निघाला.

"थांबा," परास्का म्हणाली. "डोंगर उतरून आलात, तसेच कसे जाल? बसा. दोन घास खाऊन जा."

तिने त्याला पाहुण्यांच्या शेजारी बसवलं आणि त्यांच्याआधी वाढलं. तो खाली मान घालून जेवला. जाताना ती फाटकापर्यंत गेली. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण फार बोलले नसावेत. बाटली तो परत घेऊन गेला.

लिविया स्वयंपाकघरात माझ्यासमोर ढसाढसा रडली. "रुमाल बदलून आल्या हो त्या! मी मेले का नाही तिथल्या तिथे! आता कुठल्या तोंडाने समोर जाऊ त्यांच्या?" माझंही तोंड काही फार स्वच्छ नव्हतं.

ऊन उतरल्यावर तिने शिडी झाडाला लावली. परास्का फाटकाजवळच्या बाकावर बसली होती, डोक्याला तोच रुमाल.

"वन्सं, चुकलं माझं. व्हिडिओ काढून टाकलाय. हेही उतरवते."

"राहू दे."

"नको हो. पाहुण्यांसाठी दुसरं काहीतरी—"

"पाहुण्यांचं नाही ते," परास्का म्हणाली. "माझं आहे. वरच राहू दे."

लिविया मधल्या पायरीवर तशीच थांबली. मग खाली उतरली, शिडी खांद्यावर घेतली आणि मागच्या दारी नेऊन ठेवली.