आमचे हे उभे राहतात

आमच्या ह्यांनी तीस वर्षं वजनमाप खात्यात काढली. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, म्हणून त्यांनी देव आणि पुढारी धरले. ब्लॉगचं नाव 'सत्याचं पारडं'. आधी दोन परिच्छेद श्रद्धेवर, मग चार पुढाऱ्यांच्या नावाने, आणि शेवटी 'वैयक्तिक' या मथळ्याखाली स्वतःच्या तब्येतीची खबरबात. वाचक तेवीस. त्यातले दोन मीच, एकदा फोनवर आणि एकदा संगणकावर.

हे येरझारा घालत सांगतात, मी टाइप करते. मी जन्मभर वकिलांकडे टायपिस्ट होते, त्यामुळे पाल्हाळ दिसलं की माझे हात शिवशिवतात. कापल्याचं ह्यांना सांगत नाही. स्वतःचं लिखाण ते परत वाचत नाहीत, म्हणून आमचा संसार टिकला.

त्या गुरुवारी पालिकेच्या निवडणुकीवर आसूड ओढून झाला आणि हे 'वैयक्तिक'वर आले. डाव्या गुडघ्याची वाटी झिजली आहे, हाडांच्या डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली आहे, सबब प्रार्थनागृहात प्रार्थनेच्या वेळी चटईवर बसणं आता होणार नाही, येत्या रविवारपासून मी उभा राहणार, निर्णय पक्का आहे. एकूण अकरा ओळी. वरून वाटीचं वर्णन. म्हटलं, लोकांना कशाला ह्यांच्या वाट्या? गॅसवर दूध होतं. घाईघाईत गुडघा कापला, डॉक्टर कापले, प्रार्थना आणि चटईही गेली. राहिलं ते एवढंच: 'बसणं आता होणार नाही. मी उभा राहणार. निर्णय पक्का आहे.'

संध्याकाळपर्यंत वाचक चारशे झाले. "श्रद्धेचे दोन परिच्छेद अखेर लोकांना भिडले," हे म्हणाले. औषधवाल्याने ब्लॉगखाली विचारलं होतं, 'कुणाच्या पाठिंब्यावर?' ह्यांनी स्वतःच्या बोटाने उत्तर दिलं, 'देवाच्या आणि एका काठीच्या.' झालं. सकाळी आम्ही दोघं सोडून गल्लीभर बातमी, की ह्यांची निशाणी काठी. न्हाव्याने ह्यांना रांग मोडून आधी खुर्चीत घेतलं. दोन अनोळखी माणसं जिन्यात ह्यांच्या पाया पडली. हे खूश, आणि खोटं कशाला बोलू, मीही फुगले होते.

शनिवारी दुपारी दोनला धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांचं पाइप आणि नळांचं दुकान आहे, आणि आमच्या वॉर्डातून ते यंदा पहिल्यांदाच उभे राहणार होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी तसं जाहीर केलं, तेव्हा ह्यांनी ब्लॉगवर लिहिलं होतं, 'गटार साफ करायला उतरलेला आधी स्वतः माखतो.' नाव घेतलं नव्हतं, पण आमच्या ओळखीत गटाराची कामं घेणारा दुसरा आहे कोण? तेव्हापासून दोघा भावांत बोलणं बंद.

"वहिनी, दादाला सांगा, मी बसतो," भाऊजी म्हणाले. आवाज बसलेला होता. "माझा अर्ज भरून तयार आहे, पण देत नाही. दादा उभा राहतोय ना? मग त्याच्यासमोर मी नाही उभा राहायचा."

अर्ज द्यायची मुदत तीनपर्यंत. माझ्या कात्रीने त्या माणसाची आठ महिन्यांची धावपळ कापली होती. मी ह्यांच्या हातात काठी दिली, रिक्षा बोलावली आणि वाटेत सगळं कबूल केलं.

"माझी वाटी कापलीस?"

"अकरा ओळी होत्या हो!"

"किती वर्षं कापतेयस?"

"भांडण नंतर. आधी भावाकडे चला."

दुकानात भाऊजी पाइपांच्या भेंडोळ्यांत डोकं धरून बसले होते. अर्ज समोर, त्यावर पितळी नळ ठेवलेला. आम्हाला बघून ते उठले, स्टूल पुढे सरकवलं. "दादा, बस."

"मी बसणार नाही!" हे गरजले.

"बघा वहिनी, ऐकायला तयार नाही. बरं, मी बसतो म्हटलंय ना?"

"तू कशाला बसतोस? तू उभा राहा!"

"मग तू बस की!"

"मला खाली बसता येत नाही, गाढवा!"

दुकानात आलेलं गिऱ्हाईक हळूच निघून गेलं. शेवटी ह्यांनी भर दुकानात पँट मांडीपर्यंत वर ओढली. गुडघा चांगला भोपळ्याएवढा सुजलेला. भाऊजी खाली वाकले आणि बघतच राहिले.

"हे कधीपासून?"

"आठ महिने झाले. तू बोलत नव्हतास. मग सांगू कुणाला? ब्लॉगवर सांगत होतो, तर ही कापते."

मला हसू येत होतं आणि रडूही. दर गुरुवारी हा माणूस तेवीस वाचकांना नाही, एकालाच तब्येत कळवत होता, आणि मी पाल्हाळ म्हणून ती उडवत होते.

"मी दर गुरुवारी वाचतो," भाऊजी म्हणाले. "गुडघा कधीच दिसला नाही."

"कसा दिसेल?" मी म्हटलं. "माझीच अक्कल शेण खायला गेली होती. पण अडीच वाजलेत भाऊजी, पळा!"

ते पळाले. तीनला चार मिनिटं असताना अर्ज आत गेला. हे दुकानात काउंटरला टेकून उभे होते आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "माझा भाऊ उभा राहतोय. माणूस खरा आहे, मी जोखलाय."

रविवारी प्रार्थनागृहात ह्यांच्या चटईच्या जागी दुकानातली लोखंडी खुर्ची होती, पाठीला उशी बांधलेली. हे आयुष्यभर खुर्चीच्या मोहावर लिहीत आले, पण बसले. घरी येऊन त्यांनी मला एकोणीस ओळी सांगितल्या. वाटी, सूज, शेक, खुर्चीची उंची. मी एक अक्षर कापलं नाही.

खाली पहिली टिप्पणी पाइपच्या दुकानातून आली: 'दादा, तू बस. आता मी उभा आहे.'