सातवी वही

सिस्टरना निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून सगळे सिस्टरच म्हणत. प्रसूतिगृहात छत्तीस वर्षं काढली आणि प्रत्येक बाळंतपण त्यांनी स्वतःच्या वहीत टिपून ठेवलं. अकरा वह्या. कोणाचं मूल कोणाच्या घरी गेलं, हेही त्यांत होतं.

गेल्या वर्षी भाच्यानं पानन् पान स्कॅन केलं. जिन्याखालच्या खोलीत त्याचा स्वतःचा सर्व्हर होता. प्रत्येक फाइल तो आधी कुलूपबंद करायचा आणि मगच क्लाउडवर धाडायचा. "क्लाउडच्या कंपनीवाल्यांनी डोकं आपटलं तरी एक अक्षर लागायचं नाही, मावशी!" तेव्हा सिस्टरनी निश्चिंत होऊन वह्या फाडल्या, बादलीत भिजवल्या, त्यांचा लगदा केला. लोकांची गुपितं आपल्यामागं उघड्यावर पडायला नकोत.

आज चार वाजता एक बाई यायची होती. शाळेत विज्ञान शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली. तिला जन्मदात्या आईचं नाव हवं होतं. त्या आईनंच तेव्हा सिस्टरचा हात धरून सांगितलं होतं, "कधी विचारत आली, तर सांगा." नाव सातव्या वहीत होतं.

मागच्या आठवड्यात सर्व्हरची डिस्क गेली, तेव्हा भाचा हसला होता. "क्लाउडवर सगळं आहे." त्यानं नवी डिस्क बसवली. आज सकाळी फाइल उघडायला गेला, तर यंत्रानं किल्ली मागितली.

"मग दे की," सिस्टर म्हणाल्या.

"ती एक छोटी फाइल असते, मावशी. दोन ठिकाणी ठेवली होती. एक जुन्या डिस्कवर..."

"आणि दुसरी?"

भाचा नखं कुरतडायला लागला. "क्लाउडवर. कुलपाच्या आत."

"म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात टाकून कपाट लावलंस? अरे शहाण्या, एकदा तरी उघडून बघायचं होतंस!"

"सगळं नीट चालत होतं, मग उघडायची वेळच आली नाही."

सिस्टर खिडकीशी गेल्या, परत आल्या. भांडी पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. डिस्क दुरुस्तीच्या दुकानातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा नकार. डोळे मिटले की बाळाचं वजन आठवे, खाट आठवे. नाव मात्र जिभेवर येतंय म्हणेस्तोवर निसटे. देव्हाऱ्यापुढं हात जोडावेत, तर कोणत्या तोंडानं? लगदा त्यांनीच केला होता.

चारला दहा कमी असतानाच बेल वाजली.

"मी जरा लवकरच आले," शिक्षिका म्हणाली. "घरी बसवेना."

भाच्यानं खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. सिस्टरनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. किल्लीचं, लगद्याचं, आणि नाव आठवत नसल्याचं.

शिक्षिकेचा चेहरा उतरला. "मग त्या आईनं नाव तुमच्याकडे जपायला दिलं कशाला?"

"चूक माझी, मॅडम," भाचा मध्येच बोलला.

"तू गप रे. वह्या माझ्या, हात माझे."

शिक्षिका पर्स खांद्याला अडकवून दारापर्यंत गेली, तिथून खिडकीकडे, पुन्हा दाराकडे. सिस्टर तिच्या पावलांकडे बघत राहिल्या.

"तीही अशीच," त्या एकदम म्हणाल्या. "कळा येत होत्या तरी खाटेवर टेकेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या. मी रागावले, तर म्हणाली, सिस्टर, थांबले की मला रडू येतं. उंच होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. आवाज असा, की हळू बोलली तरी वॉर्डभर ऐकू जावा."

"एक्स्चेंज? कुठलं?"

"दवाखान्यासमोरचं. तिची एक मैत्रीण रोज डबा घेऊन यायची, तीही तिथलीच. ती अजून असेल, तर नाव तिला ठाऊक असणार."

"आणि नसेल तर?"

 सिस्टरनी खुंटीवरची पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या. "ते एक्स्चेंज आता बंद आहे. पण तिथल्या जुन्या माणसांची घरं मला माहीत आहेत. चल."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचाय?"