‘आणि कंपनी’

आमच्या पावाच्या दुकानाचा फलक इतका फिकट झाला होता की नवे गिऱ्हाईक आत येऊन ‘दुकान कशाचे?’ असे विचारू लागले. म्हणून मी पेंटरला पाचारण केले. त्याने शिडीवर चढून जुनी अक्षरे खरवडली आणि वरूनच विचारले, “शेठ, ‘बेकरी’पर्यंत कळलं. पुढचं ‘आणि कंपनी’ ठेवायचं का? कंपनी चालली म्हणे सोडून!”

त्याचे बोलणे खोटे नव्हते. कंपनी म्हणजे माझा मेहुणा, माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. दुकान आम्ही दोघांनी मिळून थाटले. गल्ला मी सांभाळतो, पाठीमागची भट्टी तो. अलीकडे गिऱ्हाईक रोडावले, तेव्हा मी त्याला एवढेच म्हणालो की पावात काहीतरी बिघडले असावे. ते त्याला फार झोंबले. “गिऱ्हाईक तुमच्या तोंडामुळे पळतं, दाजी, माझ्या पावामुळे नाही,” असे सुनावून त्याने बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी पत्करली. सोमवारी तो जाणार होता. त्याच्यावाचून भट्टी पेटणार कशी, या चिंतेने माझी झोप उडाली होती, आणि पत्नी आम्हा दोघांशीही कामापुरतेच बोलत होती.

पेंटरला मी ‘तेवढे थांब’ म्हणालो खरा; परंतु मनात एक निराळाच प्रश्न उद्भवला. ज्या शब्दाखाली मी इतकी वर्षे बसलो, त्याचा अर्थ तरी काय? कारखान्याला कंपनी म्हणतात, हे सर्वज्ञात आहे. पण सिनेमाला एकट्याने जायचे नसले की ‘जरा कंपनी दे’ असेही आपण म्हणतो. तेथे कारखान्याचा काय संबंध?

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पानाला जवळजवळ नाक टेकवले.

“कंपनी आणि कंपॅनियन ही एकाच घरातली भावंडं,” त्या म्हणाल्या. “मूळ लॅटिन. कॉम म्हणजे सोबत. आणि पानिस म्हणजे... ओळखा पाहू, तुमच्याच धंद्यातलं आहे.”

“भट्टी?”

“पाव हो! ज्याच्या सोबतीनं पाव खायचा, तो कंपॅनियन. शिपायांच्या बोलीतून आला असावा म्हणतात. पुढे सोबत्यांचा जथा तो कंपनी, आणि व्यापारी एकत्र आले की तीही कंपनी. अजून गंमत ऐका. आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. तोही या पानिसचाच वंशज!”

“म्हणजे माझ्या फलकावर पाव लिहिलेला होता, आणि मला पत्ता नाही?”

“अगदी! बरं, तुम्ही नि तुमचे मेहुणे एकत्र बसून खाता ना पाव?”

मेहुणा पहाटे भट्टी उरकून जातो, तेव्हा मी दुकान उघडतो. एकत्र बसण्याचा योगच येत नाही. शिवाय भट्टीच्या वासाने त्याची पावावरची वासना केव्हाच उडाली आहे. तो पाव उलटा धरतो, बुडावर टकटक करतो आणि आवाजावरून पारख करतो. माझे पोट घरच्या डब्यावर. तात्पर्य, आमचा पाव अख्खी पेठ खात होती. आम्ही दोघे वगळून.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधीच दुकानी पोहोचलो. मेहुणा भट्टीतून पावाचे पत्रे बाहेर ओढत होता.

“दाजी? एवढ्या लवकर? ताईनं घराबाहेर काढलं की काय?”

“अद्याप नाही. तुझ्यासोबत पाव खायला आलो.”

त्याने माझ्याकडे अशी दृष्टी टाकली, जणू मी पत्राच खायला मागितला. मग मी त्याला शब्दाची सगळी कुळकथा सांगितली. तो एप्रनला हात पुसत ऐकत राहिला.

“शिपाई पाव खायचे, म्हणून बिस्किटवाले कंपनी? तिथं तर म्हणे प्रत्येकाचा डबा वेगळा, आणि बोलायलाही बंदी.” असे म्हणून त्याने एक पाव उचलला व बुडावर टकटक केली. “ऐका. कसा पोकळ वाजतोय, आतपर्यंत भाजलेला! आणि म्हणे बिघडलाय.”

त्याने पाव मोडला. वाफ निघाली. आम्ही दोघांनी घास घेतला. मला चव कळली, पण टोमणा वाटू नये म्हणून मी दुसरा घास घेतला. त्याचेच चावणे मंदावले.

“आंबट आहे,” तो म्हणाला.

इतक्यात उरलेल्या कामासाठी पेंटर आला. मेहुण्याने त्याच्याही हातावर तुकडा ठेवला.

“हो, आंबटच असतो,” पेंटर म्हणाला. “म्हणून तर आमच्या घरी हल्ली नाक्यावरून आणतात. राग मानू नका.”

“अरे, मग सांगायचं नाही का?” मेहुणा उसळला.

“मला काय माहीत? वाटलं, तुम्ही रोज खात असाल!”

मेहुण्याने पीठ मळण्याच्या परातीकडे पाहिले. “दाजी, या उन्हाळ्यापासून दुकान तासभर उशिरा उघडायचं कुणी ठरवलं?”

“मी.”

“भट्टी उशिरा पेटवायला कुणी सांगितलं?”

“मीच.”

“आणि पीठ मी भिजवतोय जुन्याच वेळेला. एवढ्या उकाड्यात तासभर जास्त आंबत पडतं ते. पिठाचं तुम्ही सांगितलं नाही, हे खरं. पण मला सुचायला नको होतं?”

“मला तरी कुठे सुचले?” मी म्हणालो.

तो उरलेला तुकडा पुन्हा चाखत होता, जणू शत्रूची ओळख पटवून घेत होता. मी धीर करून विचारले, “सोमवारचे काय?”

“असला पाव मागे ठेवून जाऊ? तिथं कुणी विचारलं, आधी कुठं होतास, तर तोंड कुठं लपवू?” त्याने परात पुढ्यात ओढली व कडेला चिकटलेले पीठ खरवडू लागला. “उद्या उशिरा भिजवतो. तुम्ही याच वेळेला या, दाजी. आणि ताईला सांगा, घरून काही खायला घालून पाठवू नकोस.”