बिडाचा की पाइपचा

लांबपल्ल्याचं खरं नाव त्याच्या लायसन्सवर होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी नन्नाचा पाढा लावल्यापासून ते लायसन्स कपाटात पडून होतं. आयुष्यभर लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवला म्हणून लोक त्याला लांबपल्ला म्हणायचे. आता त्याचा सगळ्यात लांबचा पल्ला म्हणजे घरापासून कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत. ट्रक त्यानं विकून टाकला होता. दुकानदारणीला मात्र हे ठाऊक नव्हतं, आणि तिला ते कधीच कळू नये यासाठी त्याची सगळी धडपड चालली होती.

खोटं बोलायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. नवा मालक ट्रक घेऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी याला काही सुचेना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या शहरात. "बाबा, आता निवांत राहा," असं त्यानं फोनवर बजावलं होतं. निवांत राहायचं म्हणजे दिवसभर नेमकं काय करायचं, ते सांगितलं नव्हतं. ट्रक होता तोवर एकटेपणाला निदान ड्यूटी तरी म्हणता येत होतं. आता घर खायला उठलं. पायांना सवयीचा रस्ता माहीत होता, ते त्याला दुकानात घेऊन गेले.

दुकानदारीण म्हणजे बाप गेल्यावर सगळं दुकान एकटीनं सांभाळणारी बाई. तोंडानं फटकळ, पण कामाला चोख. तिनं मान वर करून विचारलं, काका, गाडी काय म्हणते? विकली म्हणावं तर पुढे बोलायला काहीच उरत नव्हतं. म्हणून तो म्हणाला, मॅनिफोल्डला चीर गेलीये, बदलायचा म्हणतोय. चीर खरीच होती. गाडी तेवढी त्याची नव्हती.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून टर्बोकडे, म्हणजे त्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, नेणारा भाग. कंपनीचा असतो तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाडजूड आणि ठोकळेबाज. बाहेरच्या बनावटीचे मिळतात ते पाइपचे, दर सिलिंडरला वेगळा पाइप, सुबक वाकवलेला. त्यांना हेडर म्हणतात. तिनं दोन्ही काउंटरवर मांडले आणि कोणता देऊ म्हणून विचारलं.

तिथेच त्याला एक गोष्ट उमगली. ज्याचं ठरलेलं असतं तो वस्तू उचलतो आणि चालायला लागतो. ज्याचं ठरत नसतं त्याला बसायला स्टूल मिळतं, चहा मिळतो, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी त्याच्याशी बोलतं. मग याचं कसलं ठरतंय! आज म्हणायचा, पाइपच्या हेडरनं इंजिन मोकळं होतं, चढावर जोर येईल. उद्या म्हणायचा, पण टर्बोचं सगळं वजन त्या पाइपांवर लटकणार, जोडाशी तडकले म्हणजे? ती म्हणायची, मग बिडाचा न्या. तर हा म्हणायचा, बिडाचा तर होताच की. शेवटी तिनं चार ठिकाणी फोन करून जाड पाइपांचा तिसरा नमुना खास त्याच्यासाठी मागवला. तो आला तेव्हा यानं बोल्टच्या भोकांची शंका काढली. तिनं हातात टेप दिली आणि गाडीवर मोजून आणायला सांगितलं, तेव्हा याच्या तोंडचं पाणी पळालं. तरी दुसऱ्या दिवशी आठवणीतून मापं सांगितली, आणि ती बरोबर निघाली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात. इथे तर तुरी दुसऱ्यानं घरीसुद्धा नेल्या होत्या.

हसण्यासारखंच आहे म्हणा. पण दुकान बंद असायचं त्या दिवशी हा काय करायचा ते ऐकलं तर हसू येणार नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो खिडकीशी बसायचा आणि उद्या कोणती शंका काढायची याची मनात उजळणी करायचा. संध्याकाळी एकुलती एक ताटली विसळताना कधी कधी त्याच्या लक्षात यायचं, की आज दिवसभरात तोंडातून शब्द निघालेला नाही. मग तो उगाच खाकरून बघायचा, आवाज जागेवर आहे ना म्हणून. असा माणूस त्या स्टुलाला किती धरून असेल, सांगायला नको.

एका दुपारी तो असाच तिसऱ्या नमुन्यातली खोट समजावून सांगत असताना बाहेर एक ट्रक येऊन थांबला. फुटक्या मॅनिफोल्डची ती टिकटिक त्यानं मान न वळवता ओळखली. निसटावं तर दुकानाला दार एकच. नवा मालक आत आला आणि याला बघून खूशच झाला. म्हणाला, बरं झालं काका भेटलात, तुम्हीच सांगितलं होतंत ना, मॅनिफोल्ड बदल आणि घ्यायचा तर याच दुकानातून घे. खरंच सांगितलं होतं. गाडी विकताना यानं प्रामाणिकपणे चीर दाखवली होती, वर दुकानाचा पत्ताही दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुकानदारणीनं बाहेरच्या ट्रककडे पाहिलं, मग लांबपल्ल्याकडे. गाडी कुणाची, एवढंच तिनं विचारलं. माझी, उन्हाळ्यातच घेतली काकांकडून, नवा मालक भाबडेपणानं म्हणाला. तिनं तिन्ही नमुने काउंटरवर ठेवले, जरा आदळूनच.

"सांगा यांना कोणता ते," ती म्हणाली. "अभ्यास तुमचा झालाय."

लांबपल्ल्याचे कान तापले होते. पण बाहेर उभी होती ती त्याची गाडी होती, आणि उद्या भरल्या मालानिशी ती घाट चढणार होती. तिथे लबाडी करायला जीभ रेटेना.

"बिडाचा घे," तो म्हणाला. "दिसायला काही नाही, पण टर्बोचं ओझं तोच पेलतो. उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे टर्बोही चटकन फिरतो. गॅस्केट नवं टाक. आणि गाडी एकदा तापून निवली की बोल्ट पुन्हा आवळ."

कपातला चहा निवायच्या आत सगळं सांगून झालं. हे सगळं त्याला आधीपासूनच ठाऊक होतं. नवा मालक आभार मानून, खोकं उचलून गेला, आणि दुकानात ती दोघंच उरली.

"ज्याला गाडीच नाही त्याच्यासाठी मी चार ठिकाणी फोन करत बसले, काका," ती म्हणाली. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला.

पुढे बरेच दिवस तो तिकडे फिरकला नाही. कानाला खडाच लावला म्हणा ना. पाव आणायलासुद्धा मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचा. मुलाचा फोन आला, निवांत ना बाबा, आणि याचं हो म्हणून झालं, की पुन्हा सगळं शांत. लाज वाटत होती हे खरंच, पण लाजेपेक्षा ती शांतता जड जायला लागली.

शेवटी एका सकाळी तो दुकानात जाऊन उभा राहिला. येताना वाटेत एक शंका तयार केली होती, शेजाऱ्याच्या गाडीच्या सायलेन्सरची. अगदी ओठांवर आली होती. दुकानदारणीनं मान वर केली. आज तिनं गाडीचं विचारलं नाही. त्यानं सायलेन्सर गिळून टाकला.

"मला काही घ्यायचं नाहीये, ताई," तो म्हणाला. "घरी करमत नाही. बसू का थोडा वेळ?"

तिनं हातातला पाना खाली ठेवला. राग पुरता गेला होता असं नाही.

"एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं ना, काका."

"पहिल्या दिवशी मलाच कुठे कळलं होतं," तो म्हणाला.