पडद्यामागची ऊब

गुरुवारी संध्याकाळी लेकीला, नेलला, सासूकडून म्हणजे डोरीनकडून घरी आणलं की जोसी आधी तिचं डोकं हुंगायची. दहा महिन्यांच्या त्या मऊ जावळाला डोरीनच्या घरातला लव्हेंडरचा वास लागलेला असायचा, आणि तो जोसीला सलायचा.

गुरुवारी जोसी औषधांच्या दुकानात कामाला जायची आणि नेल दोन गल्ल्या वर, आजीकडे. तिथे ती दुपारी दोन-दोन तास झोपायची. "पाय पसरून, राणीसारखी," डोरीन सांगायची. घरी मात्र अर्ध्या तासात रडत उठायची, इवलाले हात गारठलेले.

जोसीच्या नवऱ्याने, कॅलमने, खोली तापवणाऱ्या खिडकीखालच्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हचं डोकं काढून आतली खीळ दाबून पाहिली. अडकली नव्हती. जोसीने व्हॉल्व्हवरचा उष्णतेचा आकडा तीनवरून पाचवर नेला. सकाळी पडदे उघडे असताना हात लावावा, तर चटका बसेल इतका रेडिएटर गरम. मग दोष त्याचा नाही. मग कोणाचा, याचं उत्तर ती स्वतःलाच द्यायची, आणि ते ऐकवत नसे.

त्या खोलीतलं पांघरूण, टोपी, लोकरीचा ससा, सगळं डोरीनच्या हातचं. एक वस्तू तरी आपली असावी म्हणून नेल पोटात असताना, सातव्या महिन्यात, जोसीने पडदे शिवले होते. जाड, दुहेरी अस्तराचे, जमिनीला टेकणारे. दुपारी ते ओढले की खोलीत छान अंधार व्हायचा.

शनिवारी डोरीन चहाला आली. नेलला नुकतंच वर झोपवलं होतं. केक कापता कापता ती सहज म्हणाली, की सोमवारी आणि बुधवारीही पोरीला दुपारी माझ्याकडे आणा, निदान झोप तरी होईल. जोसी त्या दोन्ही दिवशी घरीच असायची. तिने नवऱ्याकडे पाहिलं. कॅलम कपात बघत म्हणाला, "कल्पना वाईट नाही."

जोसीने केकची बशी बाजूला सारली. आता दुपारही यांचीच होणार. आधी ससा, मग वास, आता झोप.

तेवढ्यात वरून रडणं ऐकू आलं. जोसी धावली. मागोमाग डोरीन, गुडघे धरत. जोसीने नेलला उचललं. खोली गार होती. डोरीनने पडद्याची कड उचलून आत हात घातला आणि तशीच उभी राहिली.

"इकडे ये. हात घाल."

जोसीने घातला. पडदा आणि काच यांच्यामध्ये उकडत होतं.

"हा व्हॉल्व्ह स्वतःभोवतीची हवा किती गरम आहे ते बघतो," डोरीन म्हणाली. "पडदा ओढलास की त्याला वाटतं, खोली तापली. मग बंद होतो बिचारा."

म्हणजे रोज दुपारी आपणच, आपल्याच हातच्या पडद्याने, पोरीला थंडीत ठेवत होतो. जोसीला रडू आलं. तिने तोंड नेलच्या मानेत लपवलं. सासू आता काय ऐकवेल याची ती वाट पाहत राहिली.

डोरीन मात्र पडद्याची शिवण चिमटीत धरून उभी होती. "टाका सुरेख आहे तुझा. माझा इतका सरळ येत नाही." मग शिवण सोडत म्हणाली, "मला हे गेल्या शनिवारीच कळलं होतं."

"आणि बोलला नाहीत?"

"नाही बोलले. तुझ्याकडे आठवड्याचे सहा दिवस आहेत गं. माझ्याकडे एक."

जोसीला आधी संताप आला. मग डोरीनच्या बोलण्यातल्या हेव्याची चव तिला ओळखीची वाटली. रोज दुपारी तिच्या तोंडात हीच असायची.

तिने नेलला सासूच्या हातात दिलं आणि शिवणाचा डबा आणला. "टाचण्या धरा. खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच आखूड करू."

डोरीनने नेलला कडेवर घेतलं आणि टाचण्या ओठांत. पडद्याच्या खालून रेडिएटर पूर्ण दिसायला लागला, तेव्हा जोसीने आकडा पुन्हा तीनवर आणला. नेल सासूच्या खांद्यावर पेंगली होती. जोसीने हात पुढे केले, डोरीनने जरा उशीर लावला, पण दिली.

जिन्यात कोट चढवताना डोरीनने हळूच विचारलं, "गुरुवारी आणशील ना?"

"गुरुवार तुमचा," जोसी म्हणाली. "सोमवार-बुधवार माझे."