आठ वजिरांची परीक्षा

शामला एरवी भांडकुदळ बाई नव्हे, पण त्या आठवड्यात नागपूरच्या मिहानमधल्या आपल्या कंपनीत ती साहेबाशी चांगलीच भिडली. साहेब म्हणजे साहिल. वयानं तिच्याहून लहान, पदानं मोठा, त्यामुळे भिडताना जोर जरा जास्तच लागला. भांडण एका रिकाम्या जागेवरून होतं. मुलाखतीला उमरेडकडच्या एका लहानशा कॉलेजातली दिपाली बोलवावी, हा शामलाचा हट्ट.

"मॅडम, ही पोरं एआयकडून प्रोग्राम लिहून आणतात," साहिल म्हणाला. "समोर बसवलं की फुस्स!"

"समोर बसवून तर पाहा!"

"ठीक है. बोलवा. पण ही फेल झाली, तर यापुढं तसल्या कॉलेजांची एकही फाइल माझ्या टेबलावर आणायची नाही. मंजूर?"

रागाच्या भरात शामला मंजूर म्हणून मोकळी झाली, आणि जागेवर येऊन बसल्यावर तिला कळलं आपण काय कबूल केलं ते. ती स्वतः असल्याच एका कॉलेजातून आलेली. तिलाही कधीतरी कुणीतरी दार उघडलं होतं म्हणून ती आत होती. आता एका पोरीच्या एका तासावर तिनं मागून येणाऱ्या सगळ्या पोरापोरींचं दार टांगणीला लावलं होतं. याला म्हणतात आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं!

ठरल्या दिवशी दिपाली एसटीनं आली. ओढणीनं तोंड पुसलं, पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली. साहिलनं नेट बंद केलेला लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला आणि जुनंच कोडं घातलं. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे बसवायचे, की कुणी कुणाला मारू नये. आता वजीर ही महाउपद्व्यापी सोंगटी. आडवा धावतो, उभा धावतो, तिरपा धावतो. त्याच्या वाटेत कुणी आलं की संपलं. अशा एकूण मांडण्या किती, ते प्रोग्रामनं मोजून दाखवायचं. वेळ एक तास.

"आणि मॅडम," साहिल मुद्दाम हळू आवाजात शामलाला म्हणाला, "इशारेबाजी नाही हं."

दिपालीनं लिहायला घेतलं. तिचा विचार सरळ होता. पहिल्या ओळीत एक वजीर बसवायचा आणि त्याच्या माऱ्यातली घरं अडली म्हणून खूण करायची. मग दुसऱ्या ओळीत मोकळ्या घरात दुसरा. असं करत पुढं जायचं. एखाद्या ओळीत जागाच उरली नाही, तर गुमान एक ओळ मागं यायचं, तिथला वजीर शेजारच्या घरात सरकवायचा आणि पुन्हा पुढं. शामला मागं उभी राहून वाचत होती आणि मनातल्या मनात वाहवा करत होती. काय स्वच्छ हात होता पोरीचा! एक ओळ फालतू नाही.

दिपालीनं बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: शून्य.

आठ वजिरांची एकही मांडणी नाही म्हणे! साहिलनं शामलाकडं पाहिलं. चूक त्याला दिसली होती. शामलालाही दिसली होती, आणि एवढीशी चूक होती हो! दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या, बस. दिपाली मात्र पडद्याकडं पाहत राहिली. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. पुन्हा चालवलं. पुन्हा शून्य.

अर्धा तास गेला. साहिलचा फोन वाजला, तो दाराबाहेर जाऊन बोलू लागला. शामलाचा जीव कासावीस झाला. आता एक शब्द पुरे होता. पोरीला नोकरी, आणि मागच्यांचं दार उघडं. नियम गेला खड्ड्यात! ती वाकली आणि दिपालीच्या कानाशी म्हणाली, "हे पाह्य वं, मागं येताना..."

"मॅडम, नका सांगू," दिपाली तोंडही न वळवता म्हणाली. "मले पाहू द्या."

शामला मागं सरकली. तिला रागच आला. एवढा कसला ताठा!

दिपाली उठली. कोपऱ्यातल्या पाण्याच्या मशीनवरून तिनं चार कागदी पेले घेतले, टिश्यूचा डबा घेतला आणि चक्क फरशीवर उकिडवी बसली. फोन संपवून साहिल आत आला तर उमेदवार जमिनीवर!

"ये क्या चल रहा है?"

"लहान पट मांडून राहिली सर. चार वजिरांचा."

चार बाय चार फरश्यांचा पट. पेला म्हणजे वजीर. पेला ठेवला की त्याच्या माऱ्यातल्या फरश्यांवर टिश्यूचा तुकडा, म्हणजे ही जागा अडली. पहिला पेला बसला, दुसरा बसला, तिसऱ्याला जागा नाही. मागं यायचं. तिनं दुसरा पेला उचलून पुढच्या फरशीवर ठेवला, त्याचे तुकडे टाकले, आणि मग एका तुकड्यावर बोट ठेवून थांबली.

"अन् हे कोणाची जागा धरून राहिलं?"

त्या फरशीवर आता कुठल्याच पेल्याचा मारा नव्हता. तुकडा मात्र तसाच.

"अगं माय! रुमाल!" ती ओरडली आणि हसतच सुटली. साहिल बघतच राहिला.

"सर, आमच्या स्टँडवर गाडी लागली का लोक खिडकीतून शीटवर रुमाल टाकते. जागा धरली. मग पुढं मैत्रिणीजवळ जागा भेटली का तिथं जाऊन बसते, अन् मागचा रुमाल उचलतच नाही! शीट रिकामी, अन् माणसं नागपूरवरी उभी. तसंच झालं ना! माह्या वजिरानं जागा सोडली, पण खुणा मिटवाले मी विसरली. म्हणून बाकीच्यांले जागाच नाही."

ती उठली, राहिलेल्या ओळी लिहिल्या, बटण दाबलं. ब्याण्णव! शामलाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिनं हात मागं बांधून घेतले.

पण साहिल असा सोडणारा नव्हता. "ब्याण्णव तर सगळ्यांना पाठ असतं. नऊ वजीर?" तिनं आठाचे नऊ केले. उत्तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आलं. "आणि तीस?"

"तीसचं नाही होणार सर. हा मोजत बसंल अन् आपण सगळे रिटायर होऊ. त्याले दुसरी रीत लागंल. मले येत नाही, पण शिकीन."

साहिलनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "मला ही चूक कॉलेजात असताना दोन दिवस सापडली नव्हती. पुढच्या सोमवारपासून कामावर या." आणि दारातून वळून शामलाला, "मॅडम, बाकीच्या फाइली संध्याकाळपर्यंत पाठवा. सगळ्या."

शामला दिपालीला फाटकापर्यंत सोडायला गेली. तिला राहवलं नाही.

"मी सांगून राहिली होती ना तुले? काहून थांबवलं वं? नोकरी गेली असती म्हणजे?"

"गेली असती तर दुसरी पाह्यली असती मॅडम. पण तुमच्या सांगण्यानं भेटली असती, तर रोज तुमच्यापुढं मान खाली घालून बसा लागलं असतं. आमच्या कॉलेजातली पोरं दुसऱ्याच्या भरवशावर चालते म्हणते लोक, तशीच मी निघाली असती ना?"

शामला मनाशी म्हणाली, या पोरीला आधार द्यायला म्हणून आपण साहेबाशी भांडलो, आणि अर्ध्या तासापूर्वी आपणच तिला पाडायला निघालो होतो! डोळे भरून आले तिचे. दिपालीच्या पाठीवरून फिरवायला उचललेला हात तिनं खाली घेतला, आणि तोच हात बरोबरीच्या माणसापुढं करतात तसा तिच्यापुढं केला.